आधी ठसे बघा

अणुयुद्ध टाळायचं कसं, यावर आजवर वॉशिंग्टनमध्ये चर्चा झाल्या, मॉस्कोत झाल्या, जिनिव्हात तर इतक्या झाल्या की तिथल्या हॉटेलवाल्यांच्या दोन पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या असतील. मंचरला किंवा नारायणगावला मात्र अशी एकही परिषद भरल्याचं ऐकिवात नाही. माझ्या मते घोडं इथेच पेंड खातं. अणुयुद्ध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला माथेफिरू येतो: एक टेबल, एक लाल बटण आणि बटणाकडे सरकणारं बोट. प्रत्यक्षात १९४५ नंतर जग ज्या ज्या वेळी काठावर जाऊन परतलं, त्यातल्या बऱ्याच वेळी युद्ध कोणालाच नको होतं. कोणीतरी अंधारात काहीतरी पाहिलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटी ते भलतंच निघालं. या प्रकारात पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा हात धरणारा मुलूख पृथ्वीच्या पाठीवर शोधून सापडायचा नाही. इथे बारा महिने, चोवीस तास कोणाला ना कोणाला बिबट्या दिसत असतो.

हे दिसणं उगाच नाही, हे आधी मान्य करायला हवं. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं झाली. पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या आला. फडात जन्मलेल्या बछड्याने जंगलाचं नावही ऐकलेलं नसतं. त्याच्या लेखी ऊसतोड हीच जंगलतोड. त्यात शेतीची वीज बरेचदा रात्रीची, म्हणजे ज्या वेळी बिबट्या कामावर निघतो त्याच वेळी माणूसही बॅटरी घेऊन दारं धरायला निघतो. माणसं खरोखर दगावतात, त्यात लहान मुलं असतात. जुन्नर वनविभागातली दोनशेहून अधिक गावं बिबट्यासाठी आपत्तीप्रवण म्हणून जाहीर झाली आहेत, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाताना दिसले. तेव्हा ‘वाघ आला’ ही आरोळी थट्टेवारी नेण्यासारखी नाही. अडचण एवढीच, की ती जितक्या वेळा उठते तितके बिबटे दोन तालुक्यांत मावायचे नाहीत. कधी ते तरस असतं, कधी रानमांजर, कधी शेजाऱ्याचं तांबूस कुत्रं, आणि अलीकडे तर कोणाच्या तरी मोबाइलने स्वतःच्या अकलेने रंगवलेला बिबट्या असतो, जो एकाच रात्री ओतूर, घोडेगाव आणि पुण्यातल्या तीन सोसायट्यांमध्ये फेरी मारून येतो. म्हणून फोन आला की वनरक्षक आधी एकच काम करतो. वाकतो आणि चिखलातला ठसा बघतो. बोटांच्या पुढे नखं उमटली असतील तर कुत्रं किंवा तरस. नखं नसतील तर मांजराच्या कुळातलं कोणीतरी, कारण बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. मग ठशाचा आकार, मग कॅमेरा, मग वरची परवानगी, मग पिंजरा, मग पिंजऱ्यातली शेळी. या सगळ्याला वेळ लागतो, आणि तोवर गाव पारावर बसून खात्याचा उद्धार करतं.

गावाचा राग रास्त आहे. पण घाईचा अनुभवही जुन्नर तालुक्याच्या पदरी आहे. २००१ च्या सुमाराला हल्ल्यांची ओरड वाढली तेव्हा बिबटे धरधरून लांबच्या जंगलात नेऊन सोडायचा सपाटा सुरू झाला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या कारभाराचा हिशेब मांडला. हल्ले कमी होण्याऐवजी वाढलेच होते, आणि जिथे बिबटे सोडले त्या भागातही हल्ले होऊ लागले होते. ‘काहीतरी करा’ या मागणीला काहीतरी केलं, एवढंच समाधान त्यातून मिळालं. बिबट्याच्या बाबतीत या समाधानाची किंमत एका तालुक्याने मोजली. क्षेपणास्त्राच्या बाबतीत ती मोजायला तालुका शिल्लक राहीलच असं नाही.

आता पलीकडच्या प्राण्याकडे वळू. २५ ऑक्टोबर १९६२ ची रात्र. क्यूबाचा पेच ऐन भरात होता. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डुलुथ इथल्या लष्करी केंद्राच्या कुंपणावर पहारेकऱ्याला एक आकृती चढताना दिसली. त्याने गोळी झाडली आणि घातपाताचा भोंगा वाजवला. हा भोंगा आसपासच्या तळांवरही वाजेल अशी चोख व्यवस्था होती. विस्कॉन्सिनमधल्या व्होक फील्ड या तळावर मात्र तारांची जोडणी चुकली होती, त्यामुळे तिथे घातपाताऐवजी ‘विमानं उडवा’ हाच भोंगा वाजला. अण्वस्त्रं लादलेली लढाऊ विमानं धावपट्टीकडे निघाली. तेवढ्यात डुलुथहून खुलासा आला आणि एक अधिकारी मोटार पिटाळत, दिवे मिचकावत विमानांना आडवा गेला. कुंपणावर चढणारं ते अस्वल होतं. वन्यप्राणी मनुष्यवस्तीत शिरल्यावर आपल्याकडे वनपाल, सरपंच आणि पंचनामा एवढ्यावर भागतं. तिथे मामला तिसऱ्या महायुद्धाच्या उंबऱ्यापर्यंत गेला, कारण मधे ठसा बघणारं खातंच नव्हतं.

अस्वल निदान जमिनीवरचं होतं. त्याआधी दोन वर्षं, ५ ऑक्टोबर १९६० ला, ग्रीनलंडमधल्या थुले इथल्या नव्या कोऱ्या रडारने रशियाकडून क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला येत असल्याची वर्दी दिली. चौकशीअंती कळलं की नॉर्वेच्या बाजूने चंद्र उगवला होता. तारखेचा हिशेब केला तर तो कोजागिरीच्या आसपासचा चंद्र निघतो. आपण त्याला मसाला दुधात बघतो, त्यांनी त्याला रडारवर बघितलं. मे १९६७ मध्ये सूर्याची पाळी आली. सौर वादळातल्या रेडिओ लहरींनी अमेरिकेची लांब पल्ल्याची रडारं बधिर केली, आणि हे रशियाचंच काम असणार असं समजून विमानांची जुळवाजुळव सुरू झाली. ती थांबली, कारण सूर्यावर नजर ठेवणाऱ्या मोजक्या लोकांनी वेळेत सांगितलं की गडबड आकाशातली आहे. हे शास्त्र आपल्याला परकं नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड दुर्बीण ज्यांनी उभारली, त्या गोविंद स्वरूप यांनी सुरुवातीची वर्षं सूर्याच्या रेडिओ लहरी अभ्यासण्यातच घालवली होती. आणि खोडदची शिस्त कशी आहे पाहा. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली या युरोपीय यानाचा क्षीण आवाज इथल्या तबकड्यांनी टिपला, आणि जमीन गाठण्याआधीच तो थांबला. आवाज थांबला म्हणून तिथल्या तिथे कोणी निष्कर्ष काढला नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने वरून फोटो काढले, त्यात आदळल्याचा काळा डाग दिसला, तेव्हा ते फुटलं असं ठरलं. करोडो किलोमीटरवरचा ठसा, पण आधी तो बघितला.

नोव्हेंबर १९७९ मध्ये सरावासाठी तयार केलेला हल्ल्याचा देखावा चुकून अमेरिकेच्या खऱ्या पडद्यावर लागला. जानेवारी १९९५ मध्ये नॉर्वेने सोडलेलं संशोधनाचं रॉकेट पाहून रशियाच्या अध्यक्षांपुढे अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. नॉर्वेने रॉकेटची आगाऊ सूचना दिली होती, पण ती रडारवाल्यांपर्यंत पोचली नव्हती. कोणत्याही तहसील कचेरीचा अनुभव असलेल्या माणसाला यात काहीही नवल वाटणार नाही. या सगळ्यांत मोठा मान मात्र स्टानिस्लाव पेत्रोव या सोव्हिएत अधिकाऱ्याचा. २६ सप्टेंबर १९८३ ला मध्यरात्र उलटल्यावर त्याच्या पडद्यावर आधी एक आणि मग एकूण पाच अमेरिकी क्षेपणास्त्रं दिसली. यंत्र छातीठोकपणे सांगत होतं की हल्ला झाला. पेत्रोवने विचार केला, अमेरिकेला युद्धच सुरू करायचं असेल तर ती पाचच का सोडेल? शिवाय जमिनीवरच्या रडारला काहीच दिसत नव्हतं. त्याने वर कळवलं, यंत्रात बिघाड आहे. ढगांच्या माथ्यावरून परतलेला सूर्यप्रकाश उपग्रहाला क्षेपणास्त्राच्या जाळासारखा भासला होता. पेत्रोवने नखं उमटली आहेत का ते पाहिलं, एवढंच. त्याबद्दल त्याला पुढे बोलणी बसली, कारण त्या धामधुमीत त्याने नोंदवही भरली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, मग बिघडलं कुठे? प्रत्येक वेळी चूक वेळेत सापडली, म्हणजे यंत्रणा चालते. हा युक्तिवाद दिसायला भक्कम आहे, पण त्यात ‘वेळेत’ हा शब्द फुकट वापरला आहे. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या क्षेपणास्त्राला पोचायला अर्धा तास लागतो. पेत्रोवचा विचार, मोटारीतल्या अधिकाऱ्याची धाव, सूर्याची चौकशी, हे सगळं त्या अर्ध्या तासाच्या उधारीवर झालं. भारत आणि पाकिस्तान यांच्यात ही उधारी मिळत नाही. लाहोर आणि अमृतसर यांत मंचर आणि पुणे यांच्याएवढंही अंतर नाही. इथे क्षेपणास्त्र काही मिनिटांत पोचतं, आणि तेवढ्यात वनरक्षकाची मोटारसायकलसुद्धा चालू होत नाही. ज्या चुका आजवर सापडल्या त्या माणसाला श्वास घ्यायला सवड होती म्हणून सापडल्या, आणि सवडच नसेल तर पेत्रोव कितीही शहाणा असला तरी तो निव्वळ साक्षीदार ठरतो.

दुसरा आक्षेप स्थानिक आहे. बॉम्ब पडलाच तर तो मुंबईवर पडेल, दिल्लीवर पडेल. नारायणगावच्या टोमॅटोवर कोण वाया घालवणार? याचं उत्तर जुन्नर तालुक्यातच, बोरी गावापाशी, कुकडीच्या काठावर हजारो वर्षांपासून पडून आहे. तिथल्या गाळाच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा एक फिकट थर आहे. जवळच अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं मिळाली. ही राख सह्याद्रीची नव्हे. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून लांबची. ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, की त्याच्या कितीतरी आधीच्या स्फोटाची, यावर तज्ज्ञ अजून भांडतात, आणि त्यांनी खुशाल भांडावं. कुकडीकाठी दगड फोडत बसलेल्या त्या माणसाचं सुमात्राशी कसलंही वैर नव्हतं, त्याला सुमात्रा ठाऊक नव्हतं, तरी राख त्याच्या अंगणात पडली, एवढं आपल्याला पुरे आहे.

अणुयुद्धातली काजळी तर याहून चिवट असते असं शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. शहरं पेटली की निघणारा काळा धूर सूर्याच्या उष्णतेने तापून आणखी वर चढतो, पाऊस जिथे पोचत नाही अशा थरात जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं खाली येत नाही. २०२२ मध्ये ‘नेचर फूड’मध्ये आलेल्या अभ्यासाने हिशेब मांडला की भारत-पाकिस्तान युद्धातल्या काजळीने पिकं बुडून जगभरात दोन अब्जांहून जास्त माणसं उपाशी मरू शकतात. या गणितावर टीका करणारे आहेत, किती काजळी वर जाईल यावर सगळं अवलंबून आहे हेही खरं. पण अर्धं गणित चुकलं असं धरलं तरी सातगाव पठारावर बटाटा लावणाऱ्याचं समाधान व्हायचं नाही. त्याचं पीक पावसाच्या जिवावर आहे. जुन्नरच्या द्राक्षबागाईतदाराला थोडी थंडी वाढली की मणी तडकायची धास्ती, ढगाळ हवा आली की भुरीची धास्ती. त्याच्या डोक्यावर काही वर्षांचं ढगाळ हवामान आलं तर फवारणीचं वेळापत्रक कोणाकडून घ्यावं हे कृषी विद्यापीठही सांगू शकणार नाही. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला, आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. तांबोराने कोणावर नेम धरला नव्हता.

काही जण म्हणतात, मदत येईलच की, सरकार आहे. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीमही झाली, भोंगे वाजले, दिवे मालवले गेले. दिवे मालवण्याच्या बाबतीत ग्रामीण भागाला तालमीची गरज होती असं वाटत नाही, पण ते राहू द्या. मदतीचा आवाका किती असतो हे आंबेगाव तालुक्याने पाहिलं आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेलं आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. ते जगाला कळलं, कारण एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही. त्या एका गावासाठी आपत्ती दलाची माणसं, जेसीबी, डॉक्टर आणि सगळं जिल्हा प्रशासन आठवडाभर चिखल उपसत होतं, आणि त्या आठवड्यात पुणे जागेवर होतं, ससून जागेवर होतं, रस्ते होते, फोन लागत होते. ज्या दिवशी पुणेच जागेवर नसेल त्या दिवशी मदतीची गाडी कुठून सुटणार, हा प्रश्न कोणत्याही तालमीत विचारला जात नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप अर्थात शेवटी येतो. अणुबॉम्ब आहेत म्हणूनच मोठं युद्ध होत नाही, धाक असतो. मी हे नाकारत नाही. पिंपरखेडच्या खिळ्यांच्या पट्ट्याचं तत्त्वही हेच आहे: मान धरायला आलास तर तोंड फाटेल. पण धाक त्यालाच बसतो जो खरोखर मान धरायला आला आहे. अस्वलाला धाक बसत नाही, चंद्राला बसत नाही, चुकलेल्या तारेला तर मुळीच नाही. अंधाऱ्या फडात पट्टे घातलेले दोन शेतकरी एकमेकांना बिबट्या समजले, तर त्यांचे पट्टे त्यांना वाचवणार नाहीत. ‘कोण आहे रे तिकडं?’ असं आधी विचारायची सवय वाचवेल. आणि घाई केली नाही तर आपली शस्त्रं जागच्या जागी नष्ट होतील, ही भीतीही आता तितकीशी खरी राहिलेली नाही. २०१८ मध्ये आपल्या अरिहंत या अण्वस्त्रवाहू पाणबुडीने पहिली गस्त पुरी केली. समुद्राखालचं शस्त्र कोणी पहिल्या तडाख्यात उडवू शकत नाही, म्हणजे उत्तर द्यायला मिनिटाऐवजी दिवस घेतला तरी चालण्यासारखं आहे. ‘आधी वापरणार नाही’ हे धोरण आपण जानेवारी २००३ मध्ये लेखी जाहीर केलं, ते याच सवडीसाठी कामाचं आहे. काळजी वाटते ती उलट दिशेच्या ओढीची: अस्त्र आणि क्षेपणास्त्र वेगवेगळं ठेवायची जुनी सावध रीत जाऊन सगळं नळीत बंद, सीलबंद आणि सज्ज ठेवायची जी हौस दोन्हीकडे वाढते आहे, तिने ठसा बघायची सवड कमी होते.

दोन्ही देशांना हे अगदीच कळत नाही असं नाही. दर १ जानेवारीला ते आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, म्हणजे कुठे मारायचं नाही हे लेखी कळवतात. १९९२ पासून हा रिवाज चालू आहे. कारगिल झालं, मुंबईवर हल्ला झाला, याद्या थांबल्या नाहीत. २००५ मध्ये आणखी एक करार झाला, की बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी करायची तर किमान तीन दिवस आधी कळवायचं. तीन दिवसांत जुन्नरचा वनरक्षक ठसा बघून, कॅमेरा लावून, परवानगी मागवून पिंजऱ्यापर्यंत पोचतो, तेव्हा मुदत बरी आहे. मग ९ मार्च २०२२ आला. भारताचं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटक नव्हतं, कोणी दगावलं नाही, आणि पाकिस्ताननेही नशिबाने आधी ठसा बघितला. पाकिस्तानच्या हद्दीत ते चार मिनिटांच्या आत पडलं. आपला खुलासा गेला दोन दिवसांनी. पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना घरी पाठवण्यात आलं. २००५ चा करार क्रूझ क्षेपणास्त्रांना लागू करावा ही मागणी त्यानंतर तरी मान्य व्हायला हवी होती, ती अजून झालेली नाही. ब्राह्मोस क्रूझ आहे. अर्थात करार लागू असता तरी त्या दिवशी सूचना गेली असती असं नाही, कारण ते सुटणार हे तीन दिवस आधी सोडणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.